एकशे एकोणतिसावं नाव

मोहबोडी, ३ ऑक्टोबर

बाबा, जय भीम.

हे पत्र मी जूनमध्ये लिहायला घेतलं होतं. मग जुलैत घेतलं. ऑगस्टमध्ये तर पाकीट आणून त्यावर भद्रावतीचा पत्तासुद्धा घातला, पिन कोडसकट, आणि मग त्या पाकिटात कंपनीच्या लाइटचे फ्यूज ठेवले. ते अजून त्यातच आहेत. कारण काही नाही, सुरुवात सुचत नव्हती. आईच्या फोनवर माझा आवाज आला की तुम्ही उठून अंगणात जाता हे मला माहीत आहे, तेव्हा फोनवर सांगायचा प्रश्नच नाही. पण हातात कागद आला की तुम्ही तो वाचल्याशिवाय राहत नाही. समोसा बांधून आलेला पेपरसुद्धा उलगडून, सरळ करून वाचता. त्या भरवशावर लिहिते आहे.

आता सुरुवात सुचली. मी मोहबोडीला आहे.

हो, तीच. ज्या गावाचं नाव आपल्या घरात निघालं की आई लगेच भाजी चिरायला बसते.

मी मुद्दाम आले नाही. आमच्या नाटक कंपनीचा दिवाळीनंतर इथे प्रयोग आहे, म्हणून मालकांनी मला पुढे पाठवलं. मैदान बघ, विजेचा डांब किती लांब आहे बघ, तीन फेज कधी असते विचार. तुम्हाला वाटतं मी नाटकवाल्यांबरोबर पळून जाऊन तोंड रंगवते. मी लाइटवर आहे, बाबा. आयटीआयचं जे एक वर्ष केलं त्यावरच जगते आहे. आमच्याकडे एक राजाचं काम करणारा आहे, शॉक लागेल या भीतीने तो माइकला रुमालाने धरतो. ते जाऊ द्या.

तर मी डांब मोजत होते आणि तळ्याच्या पाळीवरून एक बाई उतरली, खांद्यावर लोखंडी पहार. रुखमाबाई. तुम्ही ओळखता. नवरा गेल्यापासून तळ्यातून पाणी सोडायचं तुडूम त्याच उघडतात आणि त्याच बंद करतात, कोणाच्या शेताला किती तास पाणी गेलं ते त्याच बघतात. माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "प्रवीणची पोरगी होय ना वं तू? कपाळ तेच आहे." मी हो म्हणाले. पहार भिंतीला टेकवली, माझं मनगट धरलं आणि घरी घेऊन गेल्या. ना चहा, ना पाणी. कपाटावरून गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

बाबा, तुम्ही कॉम्प्युटर करायचात?

मी मोबाइलमध्ये काही दाखवायला आले की "मले त्यातलं काही समजत नाई" म्हणून तोंड फिरवणारे तुम्ही! नुसता एक जाड कीबोर्ड आहे. कॉम्प्युटर कुठे म्हणून मी विचारलं तर हाच. मागून एक वायर टीव्हीला, एक टेपरेकॉर्डरला. सिंदेवाहीच्या शाळेने भंगारात काढलेला तुम्ही सायकलच्या कॅरियरला बांधून आणला, आणि तळ्याच्या पाण्यावरून दरवर्षी डोकी फुटायची ती त्यावर थांबवली. घराघराची पाळी मशीनने लावायची. मशीनला ना सोयरे, ना जात. तुम्ही गेल्यानंतरही बावीस वर्षं रुखमाबाई दर ऑक्टोबरात तीच कॅसेट लावतात. इंग्रजी एक अक्षर येत नाही, पण कोणतं बटण कशानंतर दाबायचं ते त्यांना तोंडपाठ. टीव्हीवर यादी आली की इंदुताई वाचतात. त्या अंगणवाडीच्या ताई. गाव ऐकतं.

यंदा अडलं आहे. तळं अर्धंच भरलं. आतापर्यंत पाणी थोडं कमीजास्त असलं की रुखमाबाई अंदाजाने तास कापायच्या, लोक चालवून घ्यायचे. पण अर्ध्या तळ्याला कोणी अंदाज चालवून घेत नाही. उशिरा निघणारा भारी धान पोटरीत आहे, दहा दिवसांत पाणी मिळालं नाही तर सगळा पोचट. तेरा तारखेला तुडूम उघडायचं ठरलं आहे आणि यादी नाही. रुखमाबाई म्हणतात, यादी नसली तर तेरा तारखेला त्या तुडमावर बसतील आणि लोक त्यांच्यासकट तुडूम उपटतील.

मशीनमध्ये फक्त पाण्याचा एक आकडा बदलायचा आहे. पण तो बदलायला अख्खा प्रोग्राम पुन्हा बनवावा लागतो, आणि तो बनवणारा माणूस भद्रावतीत अंगणात जाऊन उभा राहतो.

मग त्यांनी विचारलं, तुले येते का. आणि मी हो म्हणाले.

का म्हणाले ते विचारू नका. सगळे इतक्या आशेने बघत होते.

मयुरी


मोहबोडी, ५ ऑक्टोबर

बाबा, जय भीम.

येतंय! थोडं थोडं, पण येतंय.

तुमची ती झेरॉक्स केलेली पुस्तिका मिळाली, कडेला पेन्सिलने तुम्ही लिहिलेलं सगळं आहे. इंग्रजी मला धड येत नाही, म्हणून मी छापलेलं सोडते आणि पेन्सिलचं वाचते. कम्पायलर म्हणजे काय ते तुम्ही एका ओळीत लिहिलं आहे: 'आपण लिहितो ते मशीनच्या बोलीत करून देणारा.' झालं की. आयटीआयच्या सरांनी एवढं सांगितलं असतं तर मी कदाचित टिकले असते. नसते. पण कदाचित.

काय ते मशीन, बाबा. माझ्या मोबाइलमधल्या एका फोटोला याच्या शंभरपट जागा लागते. आधी कम्पायलरची कॅसेट ऐकवायची, सहा मिनिटं. मग तुमच्या प्रोग्रामच्या तीन कॅसेटा एकामागून एक, कारण सगळं लिहिलेलं एकदम त्याच्या डोक्यात मावत नाही. ते ऐकत जातं, स्वतःच्या बोलीत करत जातं आणि चौथ्या कॅसेटवर बोलून दाखवतं. पन्नास मिनिटं. मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. इथे तीन फेज सकाळी आठ ते चार, त्यात काल चारदा गेली. तिसऱ्या वेळी मी कॅसेट उलटी घातली, मागे भीमगीतं निघाली, आणि मशीन बिचारं दहा मिनिटं त्या गाण्यांत प्रोग्राम शोधत बसलं. मुखरूभाऊ म्हणाले, "राहू दे वं, त्याले बी कळू दे." मुखरूभाऊ म्हणजे तुमचे शेजारी, आता केस सगळे पांढरे, जीभ तशीच.

पण खरी मजा पुढेच आहे. मी तुमचा प्रोग्राम वाचला. म्हणजे मला वाटलं होतं आकडेच आकडे असतील, आणि निघालं अख्खं गाव. एकेका घराचा एकेक तुकडा, वर घरच्या माणसाचं नाव, खाली त्याचं म्हणणं. मुखरू आणि त्याचा भाऊ यांना एका दिवशी पाळी नको, भांडतात. लालसूची बांधी टेकडीपलीकडे, पाणी पोचायला अर्धा तास जास्त धरा. इंदुताईंना चारनंतर, अंगणवाडी सुटल्यावर. सोमारी एकटी आहे, तिला पाळी दिवसाचीच. मी वाचत गेले आणि दाराशी बसलेले लोक म्हणत गेले, हे माझं, हे माझ्या बापाचं. लालसू सांगत होते की तेव्हा प्रत्येक घर येऊन तुमच्यासमोर बसायचं, आपलं म्हणणं सांगायचं, तुम्ही ते घालायचात आणि टीव्हीवर नाव दाखवायचात. नाव दिसल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

पुस्तिकेत एका पानावर तुम्ही लिहिलं आहे: 'सगळी घरं एका तक्त्यात आकड्यांनी टाकली तर खूप जागा वाचेल. पण मग मुखरू सतरा नंबर होईल. गाव मानणार नाही. नको.' मी ते मुखरूभाऊंना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

उद्या पाण्याचा आकडा बदलते आणि तीन नवी घरं घालते. वेगळे निघालेले भाऊ आहेत, त्यांना आपापलं नाव हवं आहे. आई म्हणाली पहिलं पत्र पोचलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि सायकल काढून कुठेतरी गेलात, असंही म्हणाली. इथे फोन फक्त शाळेमागच्या टेकडावर लागतो, तिथे जाऊन ऐकलं.

मयुरी


मोहबोडी, ६ ऑक्टोबर

बाबा,

आज वामनरावांचं कळलं.

मी विचारलं नव्हतं. प्रोग्रामचा सगळ्यात शेवटचा तुकडा त्यांच्या नावाचा आहे, आणि यादीत ते कधीच नसतात, म्हणून मी रुखमाबाईंना विचारलं की हे कोण. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडता निवडता सगळं सांगितलं. मी इथे लिहिते, म्हणजे मला काय सांगितलं गेलं ते तुम्हाला कळेल.

वामनराव तळ्याच्या कमिटीचे मुख्य. त्यांचं शेत तुडमाला लागून, त्यांना यादी लागतच नव्हती. पाणी आधी त्यांच्या बांधीतून जायचं, मग दुसऱ्यांच्या, आणि आपल्या मोहल्ल्याच्या बांध्या पाण्याच्या दांडाच्या अगदी टोकाला, तिथे पोचलं तर पोचलं. तुमच्या यादीने हे बदललं. आणि २००३ साली वामनराव स्वतः सभेत उभे राहिले की मीपण यादीत येतो. आधी खालच्यांची नावं घाला, माझं सगळ्यांच्या शेवटी. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, आपण होऊन म्हणाले. तुम्ही त्यांच्यासमोर नाव घातलं, टीव्हीवर दाखवलं. आणि यादी वाचली तेव्हा त्यात ते नव्हते. खालच्या बाकावरून कोणीतरी हसलं. तुम्ही पुन्हा बनवली. पुन्हा नव्हते.

ते म्हणाले, एकदा चूक होते, दोनदा नाही. आणि उठून गेले. शब्द दिला होता म्हणून पाळीशिवाय पाणी घेतलं नाही. तुडूम त्यांच्या बांधावर, आणि दहा एकर धान त्यांनी उभा वाळू दिला. पुढच्या वर्षी विहीर खोदली. तेव्हापासून सभेला नाहीत, तळ्यावर नाहीत.

एवढं मला कळलं. मग रुखमाबाई म्हणाल्या, "त्यानं चोर म्हणलं ते प्रवीण सोसून गेला असता. पण आपल्याच लोकायनं पाठ थोपटली ना त्याची. शाब्बास, बरी जिरवली म्हणले. त्याच हप्त्यात त्यानं बोचकं बांधलं."

मी तेव्हा एक वर्षाची होते.

मला एवढंच सांगा. केलं होतं का? रागावून विचारत नाही. म्हणजे रागावूनच विचारते आहे. कारण मी त्या लोकांची शेतं रोज बघते आहे, कुठली वर आहेत आणि कुठली टोकाला आहेत. मी तुमच्या जागी असते तर मी कदाचित केलं असतं, आणि मग एक दिवस खूश झाले असते, आणि मग काय झाले असते ते माहीत नाही. पण तुम्ही इतकं सगळ्यांचं म्हणणं लिहून ठेवलं, एकट्या सोमारीची पाळी दिवसाची ठेवली, आणि एका माणसाचं नाव खाल्लं, हे मला एका माणसात बसवता येत नाही. हो किंवा नाही एवढं पोस्टकार्डावर लिहा.

मयुरी


मोहबोडी, ९ ऑक्टोबर

बाबा! जय भीम, जय भीम, जय भीम.

तुमच्या पोस्टकार्डाची गरज नाही. तुम्ही केलं नाही. आता मला माहीत आहे, मुखरूभाऊंना माहीत आहे, मोहबोडीत ज्याला ज्याला डोळे आहेत त्याला माहीत आहे. थांबा, क्रमाने सांगते, नाहीतर मी मध्येच टीव्हीच्या चौकटीवर जाईन.

सात तारखेला मी पाण्याचा आकडा बदलला आणि तीन नवी घरं घातली. पन्नास मिनिटं वीज गेली नाही. यादी आली. अर्ध्या तळ्याचे तास बरोबर. इंदुताईंनी वाचायला सुरुवात केली, शेवटपर्यंत वाचली, आणि तिन्ही नवी घरं त्यात नाहीत. त्या तीन भावांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला माहीत नव्हतं, बाबा. तुम्हाला माहीत आहे.

मी म्हणाले, घातली होती, तुमच्यासमोर घातली. धाकटा म्हणाला, घातली तर गेली कुठी. आणि त्याच क्षणी मला इतका आनंद झाला की मी खाली बसले. कारण मी नावं खाल्ली नव्हती. मी स्वतः घातली होती, मला माहीत होतं ना! मग तुम्हीपण घातलं असणार.

पण गेलं कुठे? तुमची पुस्तिका तीनदा वाचली. काही नाही. तुम्हीही शोधलं असणार, त्या पानांवर पेन्सिल फार दाबून चालली आहे.

मग काल सकाळी रुखमाबाईंचा जुना टीव्ही गेला. फट्‍ आवाज आणि धूर. मी रडायच्या बेतात होते, तर इंदुताई अंगणवाडीचा टीव्ही घेऊन आल्या, तो पातळ, भिंतीला लावायचा. वायर लागली. चित्र आलं, भोवती काळी पट्टी, चित्र मध्यात पूर्ण दिसत होतं. कम्पायलर लावला, कॅसेटा ऐकवल्या. तिसरी कॅसेट संपत आली आणि चित्राच्या अगदी खाली, जिथे आम्ही आजवर काहीच बघितलं नव्हतं, तिथे एक ओळ आली. इंग्रजीत. इंदुताई आणि मी दोघींनी मिळून अक्षर अक्षर लावली. नावं ठेवायची जागा भरली, यापुढची गाळली.

एवढंच. त्याने सांगितलं होतं, बाबा. २००३ सालीपण सांगितलं होतं, दोन्ही वेळा. ती ओळ टीव्हीच्या लाकडी चौकटीमागे गेली होती.

मग मोजलं. हा कम्पायलर एकशे अठ्ठावीस नावं लक्षात ठेवतो, त्यापुढचं नाव आलं की ओरडत नाही, थांबत नाही, खाली एक ओळ लिहितो आणि पुढे निघून जातो. हिशोबासाठी तुम्ही घातलेली अकरा नावं, तास, पाणी, दिवस वगैरे. घरं एकशे सतरा. झाले एकशे अठ्ठावीस. वामनराव एकशे एकोणतिसावे. ते पहिले बसले असते तर दुसरं कोणी गळलं असतं. शेवटी बसतो म्हणाले, म्हणून तेच गळले.

मुखरूभाऊंना पटेना. ते गेले, मेलेल्या टीव्हीची लाकडी चौकट स्क्रू काढून सोडवून आणली आणि नव्या टीव्हीवर धरली. दोन्हीचं माप जवळपास सारखं. चौकट धरली की ओळ गायब. काढली की ओळ. सगळ्यांनी येऊन धरून बघितली. लालसूंनी तर दोनदा धरली, आणि दुसऱ्या वेळी बराच वेळ धरून उभे राहिले.

आज ग्रामपंचायतीच्या वऱ्हांड्यात सगळं मांडलं. मी म्हणाले, मी सांगते म्हणून मानू नका, मीपण प्रवीणचीच. कोणाला शेवटी घालू ते तुम्ही सांगा. मग जी गंमत झाली. सगळ्यांना गळून बघायचं होतं. मुखरूभाऊ पहिल्या वेळी शेवटी बसले, यादीतून गळले, आणि त्यांचा भाऊ इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. दुसऱ्या वेळी रुखमाबाई. त्या गळल्यावर म्हणाल्या, "घ्या, आता कोण उघडते तुमचं तुडूम." वीज होती तोवर तीनदा केलं. दरवेळी वामनराव मी मुद्दाम वर घातले. दरवेळी यादीत आले. इंदुताईंनी त्यांचं नाव दरवेळी दोनदा वाचलं.

मग एक म्हातारे उठले, आपल्याच मोहल्ल्यातले. म्हणाले, त्या दिवशी हसलो तो मी. आणि बसले.

वामनराव आले नव्हते. निरोप दिला होता.

मयुरी


मोहबोडी, १३ ऑक्टोबर

बाबा, जय भीम.

सकाळी साडेसातला तुडूम उघडलं. रुखमाबाईंनी पहार घातली, लाकूड करकरलं आणि दांडात पाणी आलं. मी पहिल्यांदा बघितलं. माझ्या सगळ्या लाइट्स एकदम लावल्या तरी असं दिसणार नाही. पाणी पळत नाही, बाबा, ते आधी मातीतल्या भेगा भरतं, चालत चालत जातं, आणि माणसं त्याच्या बाजूने त्याच्याच चालीने चालतात.

यादी कशी झाली ते सांगायचं राहिलं. जागा एकशे अठ्ठावीस आणि घरं एकशे एकवीस, वर तुमची अकरा. मावत नाही. मी म्हणाले दोन प्रोग्राम करू, दोन कॅसेटा, वरच्या दांडाची एक आणि खालच्या दांडाची एक. अर्धा वऱ्हांडा उठून उभा राहिला. पुन्हा वरचे आणि खालचे? एवढ्यासाठी मशीन आणलं होतं? मला माझीच लाज वाटली. मग म्हणाले तक्ता करू, आकडे घालू. तर मुखरूभाऊ म्हणाले, "पोरी, तुझ्या बापानं मले सतरा नंबर नाई केलं. तू करून राह्यली?" तेही गेलं.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सोमारी, जी सभेत कधी बोलत नाही, पदर सावरत म्हणाली, पाणी माणसाले थोडी देतो, धानाले देतो. हलक्याले आधी दे, भारीले मंग. झालं. हलका धान लवकर निघतो, त्याला शेवटचं थोडंसं पाणी, आणि भारीला खरं पाणी. हलक्याची एक कॅसेट, भारीची एक. वर-खाली दोन्हीकडची माणसं दोन्ही कॅसेटांत, ज्याच्याकडे दोन्ही आहे तो दोन्हीकडे. हलक्याची यादी संपल्यावर तळ्यात किती पाणी उरलं तो एक आकडा दुसरीच्या सुरुवातीला हाताने भरायचा, तो रुखमाबाई काठी घालून मोजणार. प्रत्येक कॅसेटमध्ये जागा उरते, मी खालची ओळ डोळे फाडून बघितली, आली नाही. आणि प्रत्येक घराचं म्हणणं तुम्ही लिहिलं तसंच. मी फक्त सोमारीच्या तुकड्यात एक ओळ वाढवली, की ही वाटणी तिने सुचवली. मशीन ती ओळ वाचत नाही. माणसं वाचतील.

पुस्तिकेच्या त्या पानावरपण मी पेनाने लिहिलं आहे, मर्यादा एकशे अठ्ठावीस, खालची ओळ बघावी. तुमच्या पेन्सिलीखाली. अक्षर घाण आहे.

मला वाटलं होतं वामनराव सभेला येतील. आले नाहीत. चार दिवस मी त्यांच्या विहिरीवरून जात-येत राहिले, ते मोटारीपाशी बसलेले असायचे, मान वर करायचे नाहीत. त्यांचा मुलगा अजय येऊन यादी बघून गेला, वडिलांचं नाव भारीच्या कॅसेटमध्ये आहे ते बघितलं. आज सकाळी तुडमावर सगळं गाव होतं, ते नव्हते. खरं सांगते, पाणी बघताना अर्धं लक्ष त्यांच्या बांधाकडे होतं. मला वाटलं, सिद्ध होऊन काय झालं. तुम्ही तिकडे अंगणात, ते इकडे विहिरीवर. मशीनने सांगितलं तेव्हा चौकट आड आली, आता चौकट नाही तर कोणी बघायला नाही.

हे मी रुखमाबाईंच्या ओट्यावर बसून लिहीत होते, आणि इथवर आल्यावर लिहायचं थांबवावं लागलं, कारण समोर कोणी येऊन उभं राहिलं.

वामनराव. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, काखेत पिशवी. मी उठले. मला वाटलं यादी बघायला आले, म्हणून मी कॅसेट शोधायला लागले. त्यांनी हात हलवला, नको म्हणून. ओट्याच्या पायरीवर बसले. रुखमाबाईंनी पाणी दिलं ते घेतलं. चहा नको म्हणाले, बस चुकेल. मी विचारलं, कुठे जाता? तर माझ्या मांडीवरच्या कागदाकडे बघून म्हणाले, "बावीस वर्षं चारचौघांत त्याले चोर म्हणलो. ते पोस्टानं कसं परत घेऊ? पत्ता दे."

मी सांगितलं, पाकिटावर आहे. तर म्हणाले, मग पाकीटच दे, मी नेऊन देतो.

म्हणून हे घाईत संपवते आहे. बस साडेदहाची आहे, चंद्रपूरला बदलायची, तीननंतर भद्रावती. ते पायरीवर बसले आहेत आणि मी किती ओळी लिहिते ते बघत आहेत. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, आपल्या पायऱ्या चढताना वेळ लागेल. बाबा, हे तुम्ही वाचत आहात म्हणजे ते तुमच्यासमोर उभे आहेत.

मयुरी